कोळंबी, कुकर आणि कामगाराचा वेळ



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या ऋतूत, या मुलखात, वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय लोकांपुढे मांडले गेले. अशा परंपरेत विजेच्या प्रेशर कुकरात घरच्या घरी कोळंबी कशी उकडावी हा विषय घेऊन उभे राहणे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. युनियनच्या माणसाने बोनस, करार, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, स्वयंपाकघरात त्याचे काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आलाही असेल. माझे म्हणणे असे की, त्याचे तिथेच खरे काम आहे. दाब, वाफ, वेळ आणि श्रम या चार गोष्टींवर कारखाना चालतो आणि याच चार गोष्टींवर चूलही चालते. कारखान्यातल्या वेळेचा हिशेब आम्ही शंभर वर्षे मागत आलो. चुलीपुढच्या वेळेचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही. तो आज थोडासा मांडावा, आणि जाता जाता एक चांगला पदार्थही सांगावा, एवढाच माझा हेतू आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि मशीनवर व वाचनालयात अधिक झालेले आहे. तेव्हा शास्त्राची भाषा जमेल तितकी सोपी करून सांगतो.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानावर कारखान्यांची रांग लागली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडीच्या शेतांत पेठा आखल्या गेल्या. माणसे आली ती सातारा-सांगलीहून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि कोकणातून. कोकणातला माणूस आला तो आपली जीभ बरोबर घेऊन आला. समुद्र घाटाखाली राहिला, पण सोड्यांची पुरचुंडी आणि सुक्या जवळ्याची पिशवी ट्रंकेत आली. आज बर्फातली ओली मासळी रातोरात घाट चढून येते आणि पिंपरीच्या बाजारात सकाळी कोळंबी मिळते. ज्या गावातून तुकोबांची पालखी जाते त्या गावात हा विषय काढतो आहे, तेव्हा माळकरी मंडळींनी राग मानू नये. मी जी कृती सांगणार आहे तिच्यातून कोळंबी वगळली तरी बटाटा, कणीस आणि शेंगा उरतात, आणि तो पदार्थही काही वाईट नाही.

आता हा पदार्थ मूळचा कुठला ते सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातावर लुइझियाना नावाचे राज्य आहे. तिकडे उन्हाळ्यात अंगणात मोठे पातेले चढवतात. मसाल्याच्या पाण्यात बटाटे, मक्याची कणसे, कांदे, लसूण आणि चोरिससारखे मांसाचे तुकडे उकळतात, आणि अगदी शेवटी सालीसकट कोळंबी टाकतात. पाणी गाळून सगळा ढीग टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ओततात. ताट नाही, चमचा नाही. सगळ्यांनी भोवती उभे राहायचे, हाताने सोलायचे आणि खायचे. मालक कोण, पाहुणा कोण, वाढणारी कोण आणि जेवणारा कोण, हा भेद त्या टेबलापाशी राहत नाही. मला या पदार्थाविषयी ओढ वाटली ती चवीच्या आधी या कारणासाठी.

यात आपल्या देशाचाही हात आहे. अमेरिका जी कोळंबी बाहेरून विकत घेते तिच्यात अलीकडच्या काळात सर्वांत मोठा वाटा भारताचा राहिला आहे. २००९ साली आपल्याकडे वनामेई नावाच्या पांढऱ्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या किनाऱ्यावर तळ्यांची दाटी झाली. ती कोळंबी सोलणारे, निवडणारे, बर्फात भरणारे हात बहुतेक बायकांचे आहेत. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात चढवली तेव्हा तिकडच्या मेजवानीचे आणि इकडच्या मजुरीचे नाते किती जवळचे आहे ते दिसून आले. कुठल्या तरी दूरच्या राजधानीत सही होते आणि गार पाण्यात हात बुडवून बसलेल्या बाईच्या कामाचे दिवस धोक्यात येतात. कोळंबी खाताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता कुकरकडे वळू. पाणी शंभर अंशांवर उकळते असे आपण शाळेत शिकलो. ते समुद्रकाठी खरे आहे. निगडी समुद्रापासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच आहे, म्हणून आपल्याकडे ते अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. वर कितीही जाळ लावा, उघड्या भांड्यातले पाणी त्यापुढे तापत नाही, जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते. पण झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाब वाढला की उकळण्याचा अंशही वर चढतो. गॅसवरच्या आपल्या नेहमीच्या कुकरात तो सुमारे एकशेवीसपर्यंत जातो. विजेच्या कुकरात दाब थोडा कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथे एकशेपंधरा ते एकशेअठरा अंश मिळतात. वीस अंशांचा हा फरक दिसायला लहान आहे. परंतु पाऊण तास लागणारी डाळ त्यामुळेच दहा-पंधरा मिनिटांत शिजते.

ही युक्ती प्रथम काढली ती डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले भांडे मांडले आणि १६८२ साली त्याच भांड्यात शिजवलेले जेवण तिथल्या विद्वानांना घातले. कठीण हाडेही त्यात चिजासारखी मऊ झाली होती, असे जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. या माणसाने भांड्याबरोबर एक गोष्ट दिली, ती म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब ठरल्यापेक्षा वाढला की आपोआप उचलला जाणारा वजनाचा पडदा. पुढे वाफेच्या इंजिनांनी जग बदलले, त्यात या लहानशा पडद्याचा मोठा वाटा आहे. पापँचे उतारवय मात्र दारिद्र्यात गेले. शोध लावणाऱ्याच्या ताटात शोधाचे फळ पडतेच असे नाही, हे कामगाराला निराळे सांगायला नको.

आपल्या देशात घरगुती कुकर १९५९ च्या सुमारास तयार होऊ लागले. विजेचा, आपल्या आपण दाब सांभाळणारा कुकर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. योंग-ग्वांग वांग या चिनी शास्त्रज्ञाने १९९१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. २०१० साली कॅनडातल्या मंडळींनी त्याचे नवे रूप बाजारात आणले आणि तो घरोघर पोचला. यात शिट्टी नाही. पुष्कळ गृहिणींना त्यामुळे चुकल्यासारखे होते. पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. जाळ मोठा असला की शिट्ट्या भराभर होतात, मंद असला की रेंगाळतात. तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटे, हे दोन घरांत कधी जुळणार नाही. विजेच्या कुकरात दाब चढल्यापासून मिनिटे मोजली जातात आणि वेळ भरली की यंत्र स्वतः थांबते. सहा लिटरचा कुकर साधारण हजार वॅटचा असतो. तो सतत वीज खात नाही. तापताना खातो, दाब बसला की मधूनमधून. आज सांगणार आहे त्या पदार्थाला एक युनिटाचा पाव ते तिसरा हिस्सा पुरे होतो.

आता कृती. चार माणसांना अर्धा ते पाऊण किलो मध्यम आकाराची, सालीसकट कोळंबी घ्यावी. घेताना वास पाहावा. समुद्राचा वास चालेल, नाकात झोंबणारा वास आला किंवा डोके हात लावताच गळून पडू लागले तर परत ठेवावी. घरी आणल्यावर पाठीवरून कात्रीने साल चिरून काळा दोरा ओढून काढावा. साल काढू नये, चव तिच्यातच आहे. मीठ आणि चिमूटभर हळद लावून बाजूला ठेवावी. अर्धा किलो लहान बटाटे सालीसकट धुवून घ्यावेत, दोन कोवळ्या कणसांचे तीन-तीन तुकडे करावेत, दोन कांद्यांचे चार-चार भाग करावेत आणि लसणीचा एक गड्डा आडवा कापावा.

कुकरच्या आतल्या भांड्यात दोन मोठे पेले, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, पाणी घालावे. अमेरिकेत तयार मसाल्याची पुडी टाकतात. आपल्याला तिची गरज नाही. दोन चमचे मालवणी मसाला, चार-पाच तिरफळे ठेचून, पाच-सहा कोकमे, एक तमालपत्र आणि मीठ एवढे घालावे. मीठ थोडे सढळ हाताने घालावे, कारण बटाटा आणि कणीस ते ओढून घेतात. मग बटाटे, कांदा, लसूण आणि सर्वांत वर कणीस. गोव्याची चोरिस खाणाऱ्यांनी तिचे तुकडेही याच वेळी घालावेत. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. झाकण लावून दाबाची चार मिनिटे लावावीत. बटाटे लिंबाहून मोठे असतील तर अर्धे करावेत. दाब चढायला दहा-बारा मिनिटे लागतात, ती यात धरलेली नाहीत.

चार मिनिटे भरली की वाफ सोडावी. झाकण उघडावे, परतण्याची कळ लावून रस्सा खळखळू द्यावा, त्यात कोळंबी घालून एकदा ढवळावे आणि लगेच कळ बंद करून झाकण नुसते वर टेकवून ठेवावे. तीन ते चार मिनिटे पुरे. कोळंबी गुलाबी झाली आणि चंद्रकोरीसारखी वाकली म्हणजे झाली. तिचे गच्च वेटोळे झाले तर ती जास्त शिजली आणि रबरासारखी लागणार. शेवटी लिंबू पिळावे, थोडे लोणी किंवा कच्चे खोबरेल तेल फिरवावे. पाणी गाळून सगळे परातीत ओतावे. गाळलेला रस्सा फेकू नये, दुसऱ्या दिवशी त्यात भात उत्तम होतो. कोळंबीने ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा ओठ सुजतात त्यांनी मात्र या परातीला हात लावू नये.

कोळंबी दाबाखाली का घालायची नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मटणात चिवट धागे असतात, ते विरघळायला मोठी उष्णता आणि पुष्कळ वेळ लागतो. कोळंबीचे मांस नाजूक, ते साठ-पासष्ट अंशांतच घट्ट होते. तिला एकशेपंधरा अंशांत चार मिनिटे कोंडले तर तिच्यातले पाणी निथळून जाते आणि उरतो तो चोथा. म्हणजे एकाच भांड्यातल्या दोन जिनसांना एकच दाब मानवत नाही. हे स्वयंपाकीण जाणते. कामाचे प्रमाण ठरवणारे घड्याळवाले अधिकारी मात्र पुष्कळदा जाणत नाहीत. ते पंचविशीतल्या पोराला आणि पंचावन्नाव्या वर्षी कंबर धरून उभ्या असलेल्या माणसाला एकच गती लावतात, आणि मग चोथा झाला म्हणून माणसालाच दोष देतात.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द बोललो नाही तर माझा धंदा मला क्षमा करणार नाही. वाफ सोडताना तोंड आणि हात व्हॉल्व्हपासून दूर ठेवावेत, लांब दांड्याच्या चमच्याने कळ फिरवावी. वाफेच्या तोंडावर ओले फडके टाकण्याची सवय वाईट, त्याने वाट बंद होते. दाब पुरता उतरल्याशिवाय झाकणाशी जबरदस्ती करू नये. झाकणाचे रबर चिरले की बदलावे. विजेच्या कुकराला तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेले अर्थिंग हवे. एका खोलीत पाच जण राहतात आणि एकाच बोर्डाला पंखा, मोबाईल आणि कुकर लोंबकळतात, हे चित्र मी चाकणच्या वाटेवर पुष्कळदा पाहिले आहे. ते धोक्याचे आहे.

दाबाच्या भांड्याचा धोका आपल्या देशाने किंमत देऊन ओळखला. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली, तेव्हा कुठे १८६४ साली बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी १९२३ साली कायदा झाला आणि त्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. हा कायदा पंचवीस लिटरांहून मोठ्या बॉयलरांसाठी आहे. घरच्या कुकरापर्यंत तो पोचत नाही. घरगुती कुकरांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे करण्याचा हुकूम २०२० साली निघाला. म्हणजे कारखान्यातल्या भांड्याला कायदा मिळून कित्येक दशके गेल्यावर स्वयंपाकघरातल्या भांड्याला सक्तीचे मानक मिळाले. जिथे भांडे पुरुषाच्या हाती होते तिथे कायदा आधी पोचला, जिथे ते बाईच्या हाती होते तिथे मागाहून. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आणि इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ही सारी यंत्रे वेळ वाचवतात असे आपण म्हणतो. तो वाचलेला वेळ कुणाला मिळतो? कारखान्यात नवे यंत्र आले, दहा माणसांचे काम सहा करू लागली, की युनियन विचारते, या बचतीत आमचा वाटा कोणता? तोच प्रश्न घरात विचारा. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली एक ग्रंथ लिहिला. धुण्याची, झाडण्याची, शिजवण्याची यंत्रे घरात आली तरी गृहिणीचे तास म्हणावे तसे कमी झाले नाहीत, असे तिने दाखवून दिले. स्वच्छतेची अपेक्षा वाढली, पदार्थ वाढले, आणि पूर्वी पुरुष व मुले जी कामे करीत तीही यंत्राच्या नावाने बाईकडे आली. आपल्याकडचे आकडे पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या. पुरुष ९७ मिनिटे. त्यातही असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी, आणि पुरुष सव्वीस. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पहिल्या पाळीला चाकणला बसने जाणारी, संध्याकाळी परतणारी आमची बहीण आठ तास कारखान्यात देते आणि नंतर हे तास घरात देते. तिच्या दुसऱ्या कामाला ना सुटी, ना ओव्हरटाइम, ना निवृत्ती.

रविवारच्या सुटीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळचे या आपल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. महात्मा फुल्यांचे ते सहकारी. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळवली. पण त्या रविवारी झाले काय? पुरुषाने पाय पसरले, मासळी किंवा मटण आणून दिले, आणि बाईचा रविवार आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस झाला. सोलणे, वाटणे, रांधणे, वाढणे आणि मागचा भांड्यांचा ढीग. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी अजून अर्ध्या कामगार घरापर्यंत पोचायची आहे.

चुलीच्या श्रमाला किंमत असते हे सिद्ध करणाऱ्या बायकाही आपल्याच राज्यात झाल्या. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. त्यांच्या डब्यांवर गिरण्या चालत. संपाच्या काळात त्यांनी उधारीवर कामगार जगवले आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, या बायकांना बँकेचे दार उघडून दिले. जे काम घरात फुकट समजले जाते त्याच कामावर हजारो माणसे जगत होती, हे त्या वेळी जगाला दिसले.

आज निगडीपासून चाकणपर्यंत भाड्याच्या खोल्यांतून कंत्राटी पोरे राहतात. त्यांना खानावळवाली मावशी क्वचितच भेटते. रात्रपाळी करून आलेला पोरगा वडापाव खाऊन झोपतो. पाच जणांनी वर्गणी काढून एक विजेचा कुकर घेतला, नीट अर्थिंग करून घेतले, आणि पाळीप्रमाणे रांधण्याची पाळीही लावली, तर रोज पोटभर गरम अन्न मिळेल आणि महिन्याकाठी पैसेही उरतील. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या शाखेतल्या काही मुलांनी हे केले आहे आणि त्यांच्यातला एक तर आता झकास कोळंबी करतो.

आणि घरच्या मंडळींसाठी माझी सूचना साधी आहे. येत्या रविवारी बाजारातून कोळंबी आणणाऱ्यानेच ती साफ करावी, त्यानेच बटाटे धुवावेत आणि त्यानेच कळ दाबावी. कृती अवघड नाही, दाबाची चार मिनिटे आणि मागची चार मिनिटे. मधल्या वेळात यंत्राला राखण लागत नाही. घरातल्या बाईने त्या वेळी काय करावे हे मी सांगणार नाही. तो वेळ तिचा आहे, ती वाचेल, झोपेल किंवा शेजारणीशी बोलत बसेल. परात मध्ये ठेवून सर्वांनी भोवती बसावे, ज्याने त्याने आपली कोळंबी आपण सोलावी, आणि परात घासण्याचे काम जो शेवटी उठेल त्याने करावे. आठ तासांचा दिवस आपल्या वाडवडिलांनी मालकाकडून झगडून मिळवला. घरातली वाटणी करायला तर संपाचीही गरज नाही, उठून उभे राहिले की पुरे.